रेघा खोट्या, बुरशी खरी

गेल्या जानेवारीत एका दांपत्याच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवाला आशीर्वाद देण्यासाठी मी गेलो होतो. जेवणापूर्वी सभागृहातील दिवे मालवण्यात आले आणि समोरच्या पडद्यावर त्या दोघांच्या लग्नाची म्हणून चार-पाच मिनिटांची एक चित्रफीत दाखवण्यात आली. चित्र थरथरत होते, रंग उडाले होते, मधूनच पांढऱ्या रेघांचा एक पट्टा तळापासून वर सरकत होता, कोपऱ्यात तारीख लुकलुकत होती. सभागृहातून उसासे उमटले. ‘किती साधे आणि खरे होते ते दिवस!’ असे कोणीतरी म्हणाले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही हळवा झालो, हे कबूल केले पाहिजे.

नंतर मी त्या दांपत्याच्या मुलाला जवळ बोलावले आणि पंचवीस वर्षे कॅसेट जपून ठेवल्याबद्दल त्याचे कौतुक केले. तो हसला. म्हणाला, ‘‘फादर, कॅसेट कुठली? ती लागतच नाही. अल्बममधले फोटो मोबाईलवर घेतले, त्यांना जराशी हालचाल दिली आणि वरून जुन्या टेपचा इफेक्ट टाकला. रेघा, थरथर, तारीख, सगळं त्यात तयार मिळतं.’’

‘‘आणि खरी कॅसेट?’’

‘‘असेल कपाटावर. पांढरी बुरशी धरलीय तिनं.’’

ज्या रेघांसाठी आम्ही दीडशे माणसांनी उसासे टाकले, त्या रेघा खोट्या होत्या. खरी होती ती कपाटावरची बुरशी, आणि तिच्यासाठी कोणीही उसासा टाकला नव्हता. त्या दिवसापासून ह्या विषयावर चार शब्द कठोरपणे लिहावेत असे मनात होते. वाचकांना ते कडू लागले तर लागोत.

प्रथम ह्या रेघांचेच पाहू. चित्रपटाच्या फितीवर उभ्या रेघा उमटत, त्या प्रोजेक्टरमधून फीत सरकताना धुळीचा कण तिला ओरबाडत असे म्हणून. व्हिडिओ टेपवर पांढरा पट्टा येई, तो टेपवरील चित्राचा माग आणि यंत्रातील हेड यांचा मेळ बसला नाही म्हणून. तो बसवण्यासाठी व्ही.सी.आर.वर ‘ट्रॅकिंग’चे बटण असे. ज्यांना तो काळ आठवतो त्यांना हेही आठवेल, की घरातील कर्ता पुरुष गुडघे टेकून ते बटण फिरवत बसे, मागून प्रत्येक जण सूचना देई आणि अखेर कोणीतरी यंत्राच्या डोक्यावर एक थाप मारी. त्या रेघा कोणालाही नको होत्या. त्या घालवण्यासाठी अभियंत्यांनी आपली आयुष्ये वेचली. आता त्या गेल्या, तर आपण त्या मोबाईलवर पुन्हा काढून घेत आहोत. आजीच्या खोकल्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवायचे आणि आजीला औषध द्यायचे नाही, अशातला हा प्रकार आहे.

हे खूळ मूळचे आपले नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनीने १९६५ साली ‘सुपर ८’ नावाची फिल्म बाजारात आणली. ८ मिलिमीटर रुंद, ५० फूट लांब, प्लास्टिकच्या डबीत बंद. डबी कॅमेऱ्यात सरकवली की काम झाले. सेकंदाला १८ चित्रांच्या गतीने ती ३ मिनिटे २० सेकंद चाले. तिथल्या एका पिढीचे बालपण, नाताळची सकाळ, समुद्रकिनारा, पहिली सायकल, ह्या फितीवर साठलेले आहे. पुढे व्हिडिओ आला आणि त्याने तिला बाजूस सारले. कोडाक्रोम ह्या नामांकित रंगीत फिल्मची धुलाई करणारी शेवटची प्रयोगशाळा कॅन्सस राज्यातील पार्सन्स ह्या लहानशा गावी होती. तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंत आलेले रोल घेतले, आणि तो अध्याय संपला. सुपर ८ मात्र पुरती संपली नाही. जुन्या यंत्रांची ओढ एवढी वाढली, की कोडॅकने २०१६ साली नव्या सुपर ८ कॅमेऱ्याची घोषणा केली. तो २०२३ च्या अखेरीस विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत होती सुमारे साडेपाच हजार डॉलर, म्हणजे आपले साडेचार लाख रुपये. सामान्य कुटुंबासाठी बनवलेले यंत्र. त्याची हुरहुर लावून घेणे आता धनिकांनाच परवडते.

चित्रकर्मी कलावंतांशी माझे भांडण नाही. ज्याला फिल्मवर चित्रण करायचे आहे, तिच्या रंगाचा पोत ज्याला हवा आहे, त्याने ते खुशाल करावे; तोही एक व्यासंगच आहे. माझे भांडण आहे ते आपल्याशी. कारण आपल्या घरांत सुपर ८ फारशी आलीच नव्हती. दुसऱ्याच्या बालपणाची आठवण उसनी आणून आपण डोळे ओले करीत आहोत. आपल्या घरांत आली ती व्हिडिओ कॅसेट. जपानच्या जे.व्ही.सी. कंपनीने १९७६ साली व्ही.एच.एस. पद्धत बाजारात आणली. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच्या मागोमाग, आखातात नोकरीला गेलेल्या व बोटीवर काम करणाऱ्या आपल्या माणसांच्या सामानातून, वसईपासून गोव्यापर्यंत व्ही.सी.आर. घरोघर उतरले. लग्नाला फोटोग्राफरबरोबर ‘व्हिडिओवाला’ हवाच, असे होता होता ठरून गेले.

आता त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांचे म्हणणे ऐका. ते म्हणतात, तेव्हा फीत महाग होती म्हणून माणूस विचार करून टिपत असे. आज मोबाईलमध्ये हजारो तुकडे साठतात आणि कोणी ते पाहत नाही. ह्यात तथ्य आहे, पण अर्धेच. तीन मिनिटांच्या फिल्मला ते लागू पडते. आपल्या कॅसेटला नाही. ती तीन तासांची असे, आणि व्हिडिओवाला ती भरून काढी. वराच्या बुटांपासून मांडवाच्या झालरीपर्यंत काहीही त्यातून सुटत नसे. वधूचा चेहरा बदामाच्या आकारात, मग गुलाबात, मग तो गुलाब गरगर फिरत आकाशात! जेवणाच्या पंगतीत घास तोंडाशी नेलेल्या माणसावर तो झगझगीत दिवा येऊन थांबे, आणि बिचाऱ्याला घास खाली ठेवून हसावे लागे. संयमाची ही कोणती तऱ्हा?

तो दिवा माझ्या व्यवसायबंधूंना विसरता येणार नाही. विवाहाचा विधी चालू आहे, वधूवर वचन देत आहेत, आणि धर्मगुरूच्या खांद्याला खांदा लावून, वेदीकडे पाठ करून कॅमेरामन उभा. एक पोरगा वायरचे वेटोळे सांभाळतो आहे, दुसरा हॅलोजन उंच धरून आहे. वराच्या कपाळावरून घाम ओघळतो आहे. ‘फादर, अंगठी परत एकदा’ असे मला सांगण्यात आले आहे. होय, संस्कार चालू असताना, सर्वांसमक्ष! आणि ह्या सगळ्यासाठी कित्येक गरीब बापांनी कर्ज काढले, तेही मी जवळून पाहिले आहे. ज्यांनी काढले नाही त्यांच्या लग्नाची फीत नाही. त्यांच्याविषयी हळवे होण्याचे कोणाला सुचतही नाही.

एक गोष्ट मात्र मी गोडवे गाणाऱ्यांना मोकळ्या मनाने देतो. कॅसेट एकत्र पाहिली जाई. लग्नानंतर महिन्याभराने ती येई, शेजारीपाजारी ओटीवर जमत, आणि ‘मला दाखवा, मला दाखवा’ असे म्हणत तीन तास बसत. ते खरे होते. पण ते माणसांचे होते, यंत्राचे नव्हते. आजही ओटी आहे, शेजारी आहेत. त्यांना बोलावायला कोणत्या जुन्या यंत्राची गरज आहे?

ह्याहून मोठा आक्षेप आहे, आणि तो मी स्वतःच्या घरातून सांगतो. १९९८ साली माझी गुरुदीक्षा झाली. आदल्या रात्री आमच्या अंगणातील मांडवात आई आणि आळीतील बायका गाणी म्हणायला बसल्या, लग्नात बसतात तशा. आमच्या सामवेदी बोलीतील ती गाणी. कोणी लिहून ठेवलेली नाहीत; त्यांत त्या त्या घरातील माणसांची नावे तिथल्या तिथे गुंफली जातात. आईचा आवाज त्या आळीत प्रसिद्ध होता. व्हिडिओवाल्याने ते टिपले. पण कॅसेट हाती आली तेव्हा त्या प्रसंगावर कीबोर्डचे संगीत चढवलेले होते. तेव्हाच्या भाषेत त्याला ‘मिक्सिंग’ म्हणत, आणि ते न करता कॅसेट दिली तर गिऱ्हाईक नाराज होई. त्यामुळे त्या फितीत आई दिसते. तिचे ओठ हलतात, हात टाळ्या देतो, बाजूची मावशी तिच्याकडे पाहून हसते. ऐकू मात्र येते ती कुठल्यातरी कीबोर्डची धून. आई २००६ साली गेली. ‘ते तंत्र किती निरागस होते’ असे मला कोणी सांगू लागले, की मला ती धून आठवते. किती घरांतील किती गाणी अशी चित्रपटगीतांखाली गाडली गेली असतील! जुन्या तंत्राची आरती ओवाळण्यापूर्वी त्याने काय काय पुसले तेही विचारावे.

आणि तरीही, हेच मला आज सांगायचे आहे, त्या कॅसेट फेकू नका. यंत्राविषयी माझ्या मनात काडीचाही हळवेपणा नाही. त्यात जे अडकून पडले आहे त्याविषयी आहे. हा भेद आपण विसरलो, म्हणून वरच्या रेघा पूजतो आणि आतला माणूस सडू देतो. अमेरिकेत २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती झाप्रूडर नावाच्या एका कपड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरगुती ८ मिलिमीटरच्या फितीवर उमटली. अवघी २६ सेकंदांची ती फीत आहे. तिच्याकडे आजवर किती तज्ज्ञांनी डोळे लावले. पण फिल्मचा पोत पाहण्यासाठी कोणी लावले नाहीत. आपल्या कॅसेटमध्ये राष्ट्राध्यक्ष नसतील. आपली माणसे आहेत.

ती माणसे किती दिवस टिकतील? कॅसेटमधील टेप म्हणजे अर्धा इंच रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी एका चिकट द्रव्याने बसवलेली असते. चित्र आणि आवाज त्या भुकटीत आहे. ते चिकट द्रव्य हवेतील ओल शोषून घेते आणि वर्षानुवर्षे हळूहळू सैल पडते. भुकटी सुटू लागते. त्यात बुरशी बसली की टेपचे वेढे एकमेकांना चिकटतात. आपली हवा कशी आहे हे मी समुद्रकाठच्या वाचकांना सांगायला नको. चार महिने कपाटातील चपला हिरव्या होतात, तिथे टेपची काय कथा. दुसरीकडे ती लावायची यंत्रे संपत आली आहेत. व्ही.सी.आर. बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी, फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये ते बनवणे थांबवले. म्हणजे आज जी यंत्रे आहेत ती सगळी जुनी, आणि ती दुरुस्त करणारे हातही म्हातारे होत आहेत. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी जगभरच्या चुंबकीय टेपांविषयी धोक्याचा इशारा दिला त्यालाही आता काही वर्षे उलटली.

मी शहाणपण सांगतो आहे, पण मी स्वतः काय केले तेही लिहिले पाहिजे. गुरुदीक्षेच्या त्याच रात्री माझा एक चुलतभाऊ कुवेतहून सुट्टीवर आलेला होता. त्याच्याकडे स्वतःचा लहान कॅमेरा होता. त्याने मांडवातील तासभराचे चित्रण केले आणि जसेच्या तसे, कसलेही संगीत न चढवता, व्ही.एच.एस. कॅसेटवर उतरवून मला दिले. म्हणजे आईचा आवाज माझ्यापाशी होता. माझ्या बदल्या झाल्या तशी ती कॅसेट एका लोखंडी पेटीतून धर्मग्रामामागून धर्मग्राम फिरली. कधीतरी पाहू, असे मी सोळा वर्षे म्हणत राहिलो. २०१४ च्या पावसाळ्यात, आईच्या स्मृतिदिनी, मला एकाएकी तो आवाज ऐकण्याची उबळ आली. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरट भुरभुर दिसत होती. मी ती फुंकरीने उडवली, एकाकडून व्ही.सी.आर. मागून आणला आणि कॅसेट आत ढकलली. चित्र आले. आई सरसावून बसली, तिने घसा खाकरला. ते खाकरणे मी ऐकले. मग चित्र करकरले, यंत्र अडकले. आतला हेडचा गोल मिनिटाला पंधराशे फेरे घेतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चिकटलेली टेप त्याच्याभोवती गुंडाळली गेली होती. मी झाकण उघडले आणि, घाईच्या माणसाला जे सुचते तेच केले, ओढली. पुढे एका जाणकाराने सांगितले, की ती यंत्रात घालण्याआधी सुकवून साफ केली असती तर बहुतेक वाचली असती. दोष व्हिडिओवाल्याचा नव्हता, पावसाचाही नव्हता.

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, ‘फादर, आठवण हृदयात असते, निर्जीव फितीत कशाला जीव गुंतवायचा? धर्मगुरूने तर वैराग्य शिकवावे.’ आठवण हृदयात असते, हे ज्याला आठवण आहे त्याने म्हणावे. ज्याला नाही त्याचे काय? माझ्या धर्मग्रामात एक विधवा भगिनी आहेत. त्यांचे यजमान १९९४ साली अपघातात वारले तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. त्यांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. बोलता बोलता एकदा त्या म्हणाल्या, की दिराच्या लग्नात टोस्ट त्यांनीच उचलला होता.

‘‘मावशी, त्या लग्नाची कॅसेट आहे का?’’ मी विचारले.

‘‘असेल पोटमाळ्यावर, फादर. दीर म्हणतात, आता कोण बघतंय, भंगारात देऊन टाका.’’

ह्या वेळी मी घाई केली नाही. कॅसेट उघडून सुकवली, मऊ कापडाने टेप वीतभर-वीतभर पुसली. ह्या कामात एका निवृत्त टीव्ही मेकॅनिकने आठवडा घालवला. टोस्टच्या वेळी माईकवर बोलत, म्हणून मिक्सिंगवाल्यांनी तेवढा भाग सोडलेला असे. त्या परंपरेचे मी आयुष्यात प्रथमच आभार मानले. अडीच मिनिटे तो माणूस बोलतो. दोन विनोद करतो, त्यांतला एक फसतो, आणि तो स्वतःच हसतो. त्यांची मुलगी आता तिशी ओलांडलेली आहे. तिने ते धर्मगुरू निवासाच्या ओसरीवर उभ्या उभ्या ऐकले. म्हणाली, ‘‘मला वाटायचं आवाज जाड असेल. पातळ आहे.’’ मग तिने ते परत लावले.

त्या चित्रातही एक पांढरा पट्टा वर सरकत होता. मेकॅनिक म्हणाला, तो घालवता येईल. मुलगी म्हणाली, ‘‘घालवा.’’

अमेरिकेत काही चित्रपट-संग्राहकांनी २००२ पासून ‘होम मूव्ही डे’ नावाचा उपक्रम चालवला आहे. लोक आपापल्या घरच्या जुन्या फिती घेऊन येतात, जाणकार त्या तपासतात, लावता येतील तेवढ्या सर्वांसमोर लावतात आणि कशा जपाव्यात ते सांगतात. हे करायला आपल्याला काय अडचण आहे? आपल्याकडे प्रत्येक धर्मग्रामात सभागृह आहे, युवक संघटना आहे, संगणक येणारी पोरे आहेत. रौप्यमहोत्सवाच्या केकवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात कित्येक कॅसेट उतरवून होतील. ज्या तरुणांना खोट्या रेघा काढता येतात, त्यांना खरी टेप पुसताही येईल. ते कामच कोणी त्यांना दिले नाही. विशेषतः मांडवातील गाणी जिथे मिक्सिंगविना राहिली असतील त्या कॅसेट आधी काढा. आखातातून आलेल्या भावाने किंवा मामाने हौसेने टिपलेल्या कॅसेटमध्ये ती सापडण्याचा संभव अधिक, स्टुडिओच्या कॅसेटमध्ये कमी.

आमच्या धर्मगुरू निवासात दोन चालू व्ही.सी.आर. आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मेकॅनिक काका तिथे बसतात. कॅसेट आणताना तिच्यावरील चिठ्ठी काढू नका. नाव आणि तारीख तीच सांगते. बुरशी दिसत असेल तर घरी लावून पाहू नका, फुंकर मारू नका, तशीच कागदात गुंडाळून, उभी ठेवून आणा. उतरवून झाल्यावर एक प्रत आपल्याकडे आणि एक दुसऱ्या घरी, मुलीच्या किंवा भावाच्या, ठेवा, आणि मूळ कॅसेट टाकू नका. खर्च ज्याला जमेल त्याने द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम बंद असते, कारण तेव्हा टेप सुकत नाही.